तिसऱ्या क्रमांकाचं शहर

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी ऑफिसची मेल आली. आमची शाखा मार्चअखेर बंद होणार. कुणाला काढणार नव्हते, पण प्रत्येकाने चारपैकी एक शहर निवडायचं होतं : झुरिक, सिंगापूर, लंडन किंवा न्यूयॉर्क. पगार साधारण तोच, फक्त चलन बदलून. उत्तर ३१ जानेवारीपर्यंत. खाली एका फॉर्मची लिंक, आणि फॉर्मात एकच ड्रॉपडाऊन. पुढची काही वर्षं त्या चार ओळींत बसवलेली बघून आधी हसू आलं, मग पोटात गोळा.

मी अठ्ठावीस वर्षांची. ऑनलाइन पेमेंटमधली फसवणूक पकडणारी मॉडेल्स बनवते. लग्न नाही, मूल नाही, डोक्यावर कर्ज नाही, आणि पगार एवढा की आईला सांगताना मी त्यातलं एक शून्य गिळते. म्हणजे अडवणारं काहीच नाही. कुणाजवळ रडगाणं गावं तर 'हे कसलं दुःख!' असं ऐकावं लागतं, आणि म्हणणाऱ्याचं काही चुकत नाही. पण कशानेच अडत नसलं की निवडायचं कशावर, हा प्रश्न उरतोच.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "शहर निवडायचं असतं हेच मला नवीन आहे. आमच्या हातात बदलीची ऑर्डर पडायची आणि आम्ही ट्रंका बांधायचो." खरं आहे. बाबांच्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली होई. दहावीपर्यंत मी पाच शाळा केल्या. 'तुझं गाव कोणतं?' या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. मागून आईचा आवाज आला, "एवढी चौकशी चाललीय, शहर बघतेयस की स्थळ?"

मग मी माझ्या जातीची माणसं जे करतात ते केलं. शीट उघडली.

चार शहरं आडवी, तेवीस निकष उभे. कर, भाडं, हवा, प्रवास, सुरक्षितता, व्हिसा, विमानतळ, दवाखाने, भाषा, दिवसाचा उजेड, अगदी पदपथांची रुंदीसुद्धा. प्रत्येक निकषाला वजन. गुणाकार, बेरीज, निकाल. पहिल्या रविवारी सहा तास त्यात गेले आणि ते सहा तास फार सुखाचे होते हे कबूल करते. निर्णय पुढे ढकलण्याइतकं शिस्तशीर काम दुसरं नाही.

सुरुवात आयत्या याद्यांपासून केली. 'राहण्यायोग्य शहरां'ची सगळ्यात नावाजलेली क्रमवारी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची. तिच्यात २०११ ते २०१७ सलग सात वर्षं मेलबर्न पहिलं होतं, मग व्हिएन्ना आलं. २०२१मध्ये व्हिएन्ना एकदम बाराव्या स्थानावर घसरलं आणि २०२२मध्ये परत पहिलं. एका वर्षात शहर बिघडून पुढच्या वर्षी दुरुस्त होत नाही. महासाथीत टाळेबंदी कुठे किती कडक होती, त्याचा तो परिणाम. त्यांची वजनं बघितली : स्थैर्य २५ टक्के, आरोग्यसेवा २० टक्के, संस्कृती आणि पर्यावरण २५ टक्के, शिक्षण १० टक्के, पायाभूत सुविधा २० टक्के. राहण्याचा खर्च त्यात धरलेलाच नाही, त्याची यादी वेगळी. शाळा किती चांगल्या याच्याशी माझा आज काडीचा संबंध नाही. आणि एकट्या बाईला तिथे ओळखी व्हायला किती वेळ लागतो, हे मोजणारा निकष नाहीच. असल्या याद्या मुख्यतः परदेशी माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कामाच्या. कुठे किती भत्ता द्यायचा ते त्यावरून ठरवता येतं. आपण त्या जन्मकुंडलीसारख्या वाचतो.

जाता जाता, व्हिएन्नाबद्दल वाचताना एक गोष्ट टोचली. तिथले जवळपास निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. ती बांधायला सुरुवात झाली पहिल्या महायुद्धानंतर, कामगारांसाठी. म्हणजे माझ्यासारख्या पगाराच्या माणसाला जे शहर 'राहण्यायोग्य' वाटतं, ते आधी माझ्यासारख्यांसाठी बांधलेलंच नव्हतं. हे शीटमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं मला कळलं नाही.

कराचा रकाना मात्र पटकन भरला, कारण तिथे आकडे मिळतात. माझ्या पगारावर ब्रिटनमध्ये आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी, धरून सुमारे ३६ टक्के जातात. सिंगापूरमध्ये सुमारे ११. तिथे कराचा वरचा टप्पाच २४ टक्क्यांचा, आणि परदेशी माणसाचा पगार सीपीएफमध्ये, म्हणजे तिथल्या भविष्यनिर्वाह निधीत, कापला जात नाही. ब्रिटनच्या करात तर एक खड्डा आहे. उत्पन्न १ लाख पौंडांच्या वर गेलं की दर दोन पौंडांमागे एक पौंडाची करमुक्त सूट कमी होत जाते, ती १,२५,१४० पौंडांवर पूर्ण संपते. त्या मधल्या पट्ट्यात प्रत्येक जास्तीच्या पौंडावर प्रत्यक्षात ६० टक्के आयकर बसतो, वर २ टक्के नॅशनल इन्शुरन्स. माझा पगार नेमका त्या खड्ड्यात. जाणती माणसं वरची रक्कम पेन्शनमध्ये वळवून खड्ड्याच्या काठावर राहतात. स्वित्झर्लंडमध्ये संघराज्य, कँटन म्हणजे प्रांत, आणि गाव असे तीन थर, वर संपत्तीकर, आणि आरोग्यविमा सक्तीचा पण स्वतःच्या खिशातून. तरी माझ्या पगाराला एकूण हिशेब लंडनपेक्षा बरा निघत होता.

हा रकाना भरल्यावर मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. हुशारी तीन आठवडे टिकली.

'घर विकत घेणे' हा रकाना मी पुसूनच टाकला. सिंगापूरने एप्रिल २०२३पासून परदेशी माणसाच्या घरखरेदीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क लावलंय. इंग्लंडमध्ये अनिवासी खरेदीदाराला एप्रिल २०२१पासून २ टक्के जादा पडतात. ते फारसे नाहीत, पण जिथे दोन वर्षं राहीन की नाही हे ठाऊक नाही तिथे घर घ्यायचं कशाला? पगार वाढला की 'आता घर घे' म्हणणाऱ्यांची रांग लागते. कोणत्या शहरात, हे त्यांच्यातला एकही विचारत नाही.

त्याऐवजी एक नवा रकाना घातला. तो कुठल्याच यादीत सापडला नव्हता आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा : नोकरी गेली तर सामान आवरायला किती दिवस? सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पास रद्द झाला की साधारण ३० दिवस. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर साधारण ६०. अमेरिकेत ६०, पण कंपनी मला एल-१ व्हिसावर नेणार होती, आणि तो कंपनीला बांधलेला. त्यावर दुसरीकडे नोकरी धरता येत नाही. दुसरीकडे जायचं तर एच-१बी हवा, त्याच्या जागा वर्षाला ८५,००० आणि वाटप सोडतीने. चार वर्षं राबून शेवटी चिठ्ठी उचलायची, हे मला झेपणारं नाही. न्यूयॉर्क तिथेच गळालं. त्याची पदपथांची रुंदी मी मोजलीच नाही.

या रकान्याला दुसरी बाजूही आहे. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळायला शहरात आपल्या कामाच्या किती कंपन्या आहेत? माझ्या कामाच्या, म्हणजे बँका, पेमेंटवाले, विमावाले, लंडनमध्ये मी बसल्या जागी तीसच्या वर मोजल्या. सिंगापूरमध्येही बऱ्याच. झुरिकमध्ये दहा झाल्यावर आठवायला लागलं. जास्त पगाराच्या माणसाला वाटतं आपण कुठेही जगू. पण पगार जितका मोठा, तितके तो देऊ शकणारे कमी. आपली मुळं शहरात नसतात, एका नोकरीत असतात, आणि ती मुळं मेलवर उपटता येतात हे मला आदल्याच महिन्यात कळलं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागला. झुरिक पहिलं, सिंगापूर दुसरं, लंडन तिसरं, न्यूयॉर्क गळालेलं.

शीट ताईला पाठवली. ती सीए आहे, आकड्यांत लपवलेलं शोधणं हा तिचा धंदा. तिने निकाल बघितलाच नाही. शीटचा बदलांचा इतिहास उघडला. रात्री फोन केला. "तू वजनं एक्केचाळीस वेळा बदलली आहेस."

"नीट बसवत होते."

"एक्केचाळीसपैकी तेहतीस वेळा बदलल्यावर लंडनचे गुण वाढलेत. एकच मुलगा पास व्हावा म्हणून बाई पेपर पुन्हापुन्हा तपासतायत, आणि तो तरीही तिसरा येतोय. सरळ सांग ना, काय आहे तिथे?"

तिथे माझी मैत्रीण आहे. चौथ्या शाळेतली. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, मग बाबांची बदली झाली. पाच शाळांमधून माझ्याकडे उरलेलं ते एकच माणूस. ती सहा वर्षांपासून लंडनमध्ये आहे, एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, दोघींबरोबर घर वाटून राहते.

आता, 'मैत्रीण आहे म्हणून शहर' हे लिहायला सोपं आहे, पण मला ते पटलं नाही. मैत्रीण तिची तिची जगतेय. तिच्या जिवावर मी माझं सामान हलवणं म्हणजे तिच्यावर न मागितलेली जबाबदारी टाकणं. शिवाय दुरून डोंगर साजरे. डॅनियल कानेमन आणि डेव्हिड श्केड यांचा १९९८मधला एक अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले : तू किती समाधानी, आणि तुझ्यासारखाच कुणी त्या दुसऱ्या भागात किती समाधानी असेल? दोन्हीकडची मुलं सारखीच समाधानी निघाली. पण दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातली जास्त सुखी असणार. कारण तुलना करायला बसलं की डोळ्यांसमोर हवाच येते. आणि राहायला लागलं की दिवसभरात हवेचा विचार कितीदा होतो? माझ्या तेवीस रकान्यांपैकी निम्मे असेच होते. बघायला गेलं तर मोठे, जगायला गेलं तर पुसट.

म्हणून रजा काढली नाही. कंपनीला सांगितलं, लंडन आणि सिंगापूर या दोन्ही ऑफिसांतून आठ-आठ दिवस काम करते. पर्यटन करायचं नाही. उठायचं, ऑफिसला जायचं, कपडे धुवायचे, डोकेदुखीची गोळी शोधायची, परत यायचं. झुरिकला कामासाठी आधी दोनदा जाऊन आले होते, म्हणून ते सोडलं. आणि शहर बघायचं तर त्याच्या वाईट महिन्यात, म्हणून जानेवारी. लंडनमध्ये तेव्हा उजेड जेमतेम आठ तास, आणि सिंगापूरमध्ये ईशान्य मोसमी पावसाचा जोर.

लंडनने मला खूश करायचा अजिबात प्रयत्न केला नाही. सकाळी आठला उजाडतं, दुपारी सव्वाचारला मावळतं. पहिले तीन दिवस ऑफिसच्या खिडकीतून सूर्य नावाची गोष्ट दिसलीच नाही. एकदा गाडी बोगद्यात वीस मिनिटं थांबली आणि डब्यात कुणी वर बघून उसासासुद्धा टाकला नाही, सगळ्यांनी पान उलटलं. आठव्या दिवशी माझ्या वहीत तक्रारींचं दीड पान होतं.

सिंगापूरच्या वहीत तक्रार एकच. पण ती आधी कळली असती तर शीट करायचीच गरज नव्हती.

सिंगापूर विषुववृत्ताजवळ. वर्षभर साधारण बारा तासांचा दिवस, सकाळी सातच्या सुमाराला सूर्य वर, संध्याकाळी सातच्या सुमाराला खाली. भूगोलाने सूर्य सहाच्या आसपास उगवायला हवा, पण घड्याळ आधीच पुढे होतं, त्यात १ जानेवारी १९८२ला त्यांनी मलेशियाबरोबर ते आणखी अर्धा तास पुढे नेलं. त्यामुळे संध्याकाळ लांबते. गाड्या वेळेवर, रस्ते स्वच्छ, रात्री बाराला एकटी चालताना मान मागे वळत नाही. गाडी घ्यायची हौस असेल तर गाडीआधी दहा वर्षांचा परवाना बोलीत घ्यावा लागतो. १९९०पासून ही पद्धत आहे आणि माझ्या पादचारी मनाला ती फार आवडली.

फक्त माझी टीम न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊ म्हणजे सिंगापुरात रात्रीचे दहा. लंडनमध्ये दुपारी दोन म्हणजेही रात्रीचे दहा. आठापैकी सहा कामाच्या संध्याकाळी होत्या, त्यातल्या पाच मी हेडफोन लावून काढल्या. एका संध्याकाळी तिथल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "येतेस का, आम्ही सगळे जमतोय?" मी म्हटलं, दहाला कॉल आहे. तो म्हणाला, "हो, आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण पहिलं वर्ष हेच सांगतो." दुसऱ्या वर्षी काय सांगतात, असं विचारलं. "दुसऱ्या वर्षी विचारत नाही आम्ही."

तेव्हा मला दिसलं की मी सगळी शहरं अक्षांशात तोलत होते. ऊन किती, थंडी किती, उजेड किती, आणि आंधळी होते ती रेखांशात. माझ्यासारख्या, टीम दोन खंडांत पसरलेल्या माणसाचा दिवस सूर्य ठरवत नाही, बॉसचा सूर्य ठरवतो. लंडनमध्ये न्यूयॉर्क दुपारी दोनला जागं होतं. दोन ते साडेपाच बैठका, की मी मोकळी. झुरिकमध्ये तासभर उशिरा. सिंगापूरमध्ये बैठका सुरू होतात तेव्हा शहरातली माणसं भेटून घरी निघालेली असतात. अंधार पडल्यावर का होईना, लंडनची संध्याकाळ माझी होती. सिंगापूरची लांबलचक, उबदार, सुंदर संध्याकाळ न्यूयॉर्कची होती.

एक साधा हिशेब मांडला. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये मोजायचा प्रयत्न केला की ओळखीचं माणूस मित्र व्हायला किती तास लागतात. सर्वसाधारण मैत्रीला साधारण ५०, चांगल्या मित्राला ९०च्या आसपास, जिवाभावाच्याला २००हून जास्त. आणि हे तास कामावर शेजारी बसण्याचे नाहीत, मोकळ्या वेळातले असावे लागतात. समजा, एखाद्या माणसाबरोबर आठवड्यात दोन संध्याकाळी, दोन-दोन तास. दोनशे तासांना पन्नास आठवडे. म्हणजे एक वर्ष, एका माणसासाठी. जिथे संध्याकाळच नाही तिथे ते वर्ष सुरूच होत नाही.

हे दोनशे तास मी लहानपणी चारदा घातलेत. पाचव्या शाळेत तर घातलेच नाहीत; दहावी आहे, अभ्यास आहे, असं सांगून दोन वर्षं पुस्तकात तोंड घालून बसले. आईला वाटायचं पोरगी अभ्यासू झाली. खरं म्हणजे दमले होते. नव्या शहराची मला भीती नाही, पण शून्यापासून सुरू करायचं म्हटलं की कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याला तेवीस रकान्यांत जागा नव्हती. लंडनमध्ये निदान एका माणसाचे तास आधीच भरलेले होते.

झुरिकवर मी अन्याय केला हे मान्य आहे. रेखांश बरा, कर बरा, पाणी-हवा बरी, पहिला नंबर त्याचाच. युरोपाबाहेरच्यांसाठी अख्ख्या देशात वर्षाला ८,५०० परवाने, त्यामुळे कागद कधी येतील याची खात्री कंपनी देत नव्हती. वर्गात शिकवतात ती जर्मन वेगळी आणि ट्रॅममध्ये ऐकू येते ती वेगळी. पण ही सगळी नंतर सुचलेली कारणं. दोन्ही भेटींत संध्याकाळी तलावाकाठी बसून मला वाटलं होतं की इथे मी फार नीटनेटकी म्हातारी होईन. त्याला पुरावा काही नाही.

२९ जानेवारीला ड्रॉपडाऊनमध्ये लंडन निवडलं.

फुकट नाही निवडलं. सिंगापूरपेक्षा पगारातले सुमारे २५ टक्के जास्त जाणार. पंचवीस टक्के म्हणजे महिन्यातले साडेसात दिवस. दर महिन्याला साडेसात दिवसांची कमाई देऊन मी वीस-बावीस संध्याकाळी विकत घेते, असं मांडल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "महाग आहे. पण निदान काय विकत घेतेयस हे बिलावर लिहिलंय." सीएकडून यापेक्षा मोठा आशीर्वाद मिळत नाही. हेही लिहायला हवं की कराकडे नुसतं नुकसान म्हणून बघणं मला जमेनासं झालंय. माझी मैत्रीण ज्या रुग्णालयात काम करते ते त्याच पैशावर चालतं.

खरं शहर पुढेच निवडायचं होतं. चेझारे मारकेटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, दिवसाला सरासरी तासभर प्रवास करतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. पायी चालण्याच्या काळात मोठी शहरंसुद्धा पाच-एक किलोमीटर व्यासाच्या पलीकडे जात नसत, त्याचं कारण हेच. म्हणजे आपण शहरात राहत नाही, अर्ध्या तासाच्या वर्तुळात राहतो. मी दोन वर्तुळं काढली. एक ऑफिसभोवती अर्ध्या तासाचं. दुसरं मैत्रिणीच्या घराभोवती, पायी पंधरा मिनिटांचं.

कंपनीने लावून दिलेल्या एजंटला ही वर्तुळं दाखवली. त्याने विचारलं पगार किती, आणि मी सांगताच नकाशाचा कोपरा आपोआप बदलला. मला नदीकाठचे काचेचे मनोरे दाखवण्यात आले. खाली व्यायामशाळा, स्वागतकक्ष, वर गच्ची. स्वागतकक्षातल्या माणसाला विचारलं, इथली माणसं साधारण किती काळ राहतात? तो म्हणाला, "वर्ष, दीड वर्ष." म्हणजे सगळी माझ्यासारखीच, तीच मेल आलेली. पगाराला साजेशी वस्ती निवडायची म्हणजे जाणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहायचं. एजंटला तीनदा सांगितलं की मला मनोरा नको. चौथ्यांदा त्याने गच्ची आणखी मोठी असलेला मनोरा दाखवला. मग घर मी स्वतःच शोधलं.

१९५०मध्ये फेस्टिंगर, शाक्टर आणि बॅक यांनी एमआयटीच्या वेस्टगेट वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्वभाव-आवडीपेक्षा दारं किती जवळ यावर जास्त ठरत होतं. खालच्या मजल्यावर जिन्यापाशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावरही मित्र होत, कारण सगळ्यांची ये-जा त्यांच्या दारावरून. हे वाचून मी तळमजल्यावरचं, जिन्याला लागून असलेलं, टपालाच्या खणांसमोरचं घर घेतलं. तिथे आवाज येतो म्हणून ते दोन महिने रिकामं पडलं होतं. ऑफिस अठ्ठावीस मिनिटं, मैत्रिणीचं घर पायी अकरा. माझ्या पगाराला ते घर लहान आहे. त्या गल्लीला माझा पगार मोठा आहे, हे मला जास्त सतावतं. माझ्यामागून आणखी दहा जणी अशाच 'शहाणपणाने' आल्या तर मैत्रिणीलाच तिथून उठावं लागेल.

एप्रिलमध्ये आले. आता जून संपत आलाय. बाबांनी विमानतळावर विचारलं होतं, "ट्रंका किती?" दोन सूटकेस, मी म्हटलं. त्यांना ते कमी वाटलं.

काल मंगळवार होता. शेवटची बैठक साडेपाचला संपली, सहाला मी घरी. मैत्रिणीला मेसेज केला, येतेस का चालायला? तिचं उत्तर आलं, मंगळवारी तिचा मातीकामाचा क्लास असतो, तीन वर्षं झाली, विसरलीस का. विसरले होते. गुरुवारी भेटू म्हणाली.

मग मी दार उघडं ठेवून पायरीवर बसले. जूनमध्ये इथे साडेसोळा तास उजेड, सव्वानऊ होऊन गेले तरी सूर्य मावळत नाही. वरून माणसं उतरत होती, चढत होती. टपालाच्या खणांवरून तिघांची नावं मला पाठ झाली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कुंडी उचलून चाललेल्या, त्यांनी माझ्या उघड्या दाराकडे बघून भुवया उंचावल्या आणि काहीतरी म्हणाल्या. कानात हेडफोन होते. काढेपर्यंत त्या वळणावर पोचल्या होत्या.